चाचणीचा खर्च कोणी सोसायचा?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित पाठबळ थांबविले. चांगले चालणारे, परंतु 'विंडोज ११'च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक त्या दिवशी एकाएकी जुने ठरले आणि त्यांचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न शाळा, कार्यालये व मध्यमवर्गीय घरे यांच्यापुढे उभा राहिला. त्यावर अनेकांनी सुचविलेला उपाय म्हणजे लिनक्स. ते विनामूल्य मिळते, जुन्या यंत्रावर बेताने चालते आणि कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. उपाय चुकीचा नाही. मात्र सुचविणारे आणि ऐकणारे दोघेही 'लिनक्स' हा शब्द ज्या सहजतेने एकवचनात उच्चारतात, त्या एकवचनातच खरी मेख आहे.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जे लिहावयास घेतले ते काटेकोरपणे पाहता प्रणालीचे केवळ गाभ्याचे अंग, म्हणजे कर्नेल. त्याच्याभोवतीची पुष्कळशी साधने रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातून आली. पडद्यावर चित्र उमटविणारी यंत्रणा तिसऱ्याची, आवाजाची चौथ्याची, खिडक्या व बटणे यांची पाचव्याची. हे सारे सुटे भाग निवडून, जुळवून, वापरता येईल असा संच तयार करणाऱ्या मंडळींच्या कृतीला 'वितरण' म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन ही वितरणे १९९३ पासूनची, उबुंटू २००४ पासूनचे. मध्ये आणि नंतर किती आली व किती मावळली याची गणती करण्यात अर्थ नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते, फेडोराची सहा महिन्यांनी, तर आर्चमध्ये आवृत्ती ही कल्पनाच नाही. नवे भाग तयार होतील तसे ते वापरणाऱ्याच्या यंत्रात येत राहतात. डेस्कटॉपचे, म्हणजे दर्शनी व्यवस्थेचे, केडीई (१९९६) व ग्नोम (१९९७) हे दोन मोठे घराणे आणि त्यांच्याशिवाय एक्सएफसीई, सिनॅमन, माटे अशी इतर घरे. आता समजा, कोणी एकाने हिशेब ठेवण्याची किंवा चित्रे काढण्याची एक आज्ञावली लिहिली आणि ती 'लिनक्सवर चालते' असे त्याला प्रामाणिकपणे म्हणावयाचे आहे. त्याने ती नेमकी कशावर चालवून पाहावी?

येथे थोडे अंकगणित करणे अपरिहार्य आहे. सहा वितरणे घेतली, प्रत्येकाची एक चालू व एक मागील आवृत्ती, डेस्कटॉप चार, पडद्याच्या व्यवस्था दोन, जुनी 'एक्स' आणि नवी 'वेलँड', चित्रफलकांचे निर्माते तीन, इंटेल, एएमडी व एनव्हिडिया, आवाजाच्या व्यवस्था दोन, आणि भाषा तीनच. हा हिशेब अतिशय काटकसरीचा आहे. तरीही गुणाकार १,७२८ होतो. एका जुळणीवर आज्ञावली बसवून तिची मुख्य कामे तपासावयास केवळ वीस मिनिटे लागतात असे धरले, तरी ५७६ तास, म्हणजे अहोरात्र काम करून पुरते चोवीस दिवस होतात. तोपर्यंत आर्चमधील निम्मे भाग बदललेले असतात आणि लेखकानेही आज्ञावलीत दोनचार सुधारणा केलेल्या असतात. मग चाचणी पुन्हा पहिल्यापासून.

इतक्या जुळण्या तपासण्याची खरोखरच गरज आहे काय, असा प्रश्न व्यवहारी वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २०१० सालच्या एका प्रसंगात मिळते. त्या वर्षी फेडोराची चौदावी आवृत्ती आली आणि ती वापरणाऱ्या काहींना असे आढळले की, महाजालावरील गाणी ऐकताना आवाज चमत्कारिकपणे फाटतो. सर्वांना नव्हे, काहींनाच. कर्नेल तेच, वितरण तेच, 'फ्लॅश' ही आवाज वाजविणारी अडोबी कंपनीची आज्ञावलीही तीच. शोध घेता घेता दोष सापडला तो 'जीलिबसी' या मूलभूत लायब्ररीत. म्हणजे ज्या सामाईक भांडारातून जवळजवळ प्रत्येक आज्ञावली आपली प्राथमिक कामे करवून घेते तेथे. स्मृतीतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्याचे 'मेमकॉपी' नावाचे एक साधे कार्य तेथे आहे. काही विशिष्ट इंटेल प्रक्रियकांवर ते अधिक जलद व्हावे म्हणून नव्या आवृत्तीत ते शेवटाकडून सुरुवातीकडे नेण्याची सोय केली गेली होती.

यात बिघडले काय? वर्गातील मुलांना एकेक बाक पुढे सरकावयास सांगितले, तर पहिल्या बाकावरच्याने आधी उठावे लागते. शेवटचा आधी उठला तर तो पुढच्याच्या अंगावर जाऊन बसेल. जुनी जागा आणि नवी जागा एकमेकींवर येत असतील तर 'मेमकॉपी' वापरू नये, त्यासाठी 'मेममूव्ह' हे वेगळे कार्य आहे, असा सी भाषेच्या प्रमाणग्रंथातील नियम आहे. फ्लॅशच्या लेखकांनी तो पाळला नव्हता. परंतु वर्षानुवर्षे नक्कल पुढून मागे होत असल्यामुळे त्यांची चूक कधी उघडकीस आली नाही. नियमाच्या दृष्टीने दोषी अडोबी, आणि जीलिबसीच्या सांभाळकर्त्यांनी तशी भूमिका घेतलीही. स्वत: टोरवाल्ड्स या वादात उतरले, ते मात्र उलट बाजूने. सामान्य वापरणाऱ्याला प्रमाणग्रंथ ठाऊक नसतो. काल चालत होते आणि आज चालत नाही एवढेच त्याला कळते, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. अखेर २०११ मध्ये जीलिबसीच्या २.१४ या आवृत्तीत अशी तडजोड झाली की, आधी बांधलेल्या आज्ञावलींना जुन्या पद्धतीचे, सुरक्षित वागणे मिळावे आणि नव्याने बांधल्या जाणाऱ्यांना नवे. एका आज्ञावलीतील जुनी चूक, एका लायब्ररीतील रास्त सुधारणा आणि एका जातीचा प्रक्रियक, या तिघांची गाठ पडल्यावाचून हा दोष दिसलाच नसता. ज्याच्या प्रयोगशाळेत तो प्रक्रियक नव्हता त्याच्या सर्व चाचण्या निर्दोष उतरल्या असत्या.

शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपल्याकडे म्हणतात. पण ती परीक्षा खरी ठरते ती सारा भात एकाच भांड्यात, एकाच विस्तवावर शिजलेला असल्यामुळे. येथे प्रत्येक शीत वेगळ्या भांड्यातले. तेव्हा कोणती शिते उचलावीत, हा संख्याशास्त्राचा प्रश्न होतो, आणि त्याचे एक सुंदर उत्तर भारतात फार पूर्वीच दिले गेलेले आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९४०च्या दशकात सी. आर. राव यांनी 'लंबकोनी सारणी'ची कल्पना मांडली. तेव्हा तिचा संदर्भ प्रयोगांच्या आखणीचा होता. अनेक घटकांचा एकत्रित परिणाम पाहावयाचा असेल, तर सर्व संयोग करून पाहण्याची गरज नाही. कोणत्याही दोन घटकांच्या मूल्यांची प्रत्येक जोडी कोठे ना कोठे येईल अशी मोजकी निवड पुरते. १९५०च्या दशकात त्याच संस्थेत काही काळ राहून गेलेले जपानी अभियंते गेनिची तागुची यांनी अशा सारण्या कारखानदारीत रुजविल्या आणि तेथून त्या संगणकाच्या चाचणीशास्त्रात आल्या. वरील १,७२८ जुळण्यांचेच उदाहरण घेतले, तर सहा वितरणे आणि चार डेस्कटॉप यांच्या जोड्या चोवीस होत असल्याने चोवीसहून कमी चाचण्यांत भागणार नाही. पण काळजीपूर्वक निवड केली तर चोवीस किंवा त्याहून थोड्याच अधिक चाचण्यांत सर्व घटकांच्या सर्व जोड्या तपासून होतात. चोवीस दिवसांचे काम एका दिवसावर येते.

हे केवळ गणिती समाधान नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील रिचर्ड कून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष घडलेल्या बिघाडांच्या नोंदी तपासून २००४ मध्ये असे दाखविले की, बहुतेक दोष एका किंवा दोन घटकांच्या संयोगाने प्रकट होतात आणि त्यांनी पाहिलेल्या नोंदींत सहाहून अधिक घटकांच्या संयोगाची गरज असलेला एकही दोष नव्हता. 'बहुतेक' हा शब्द येथे महत्त्वाचा. फ्लॅशचा आवाज फाडणारा दोष लायब्ररीची आवृत्ती व प्रक्रियक या जोडीने पकडला गेला असता, पण प्रक्रियकाची जात हा घटक सारणीत घेण्याचे कोणाला सुचले असते तरच. कोणते स्तंभ मांडावयाचे हे सारणी सांगत नाही.

शिवाय चाचणी म्हणजे केवळ आज्ञावली उघडली आणि कोसळली नाही एवढेच नव्हे. पडद्यावर काय दिसले, हे कोणीतरी पाहावे लागते. ओपनसुसे या वितरणाच्या मंडळींनी यासाठी 'ओपनक्यूए' नावाची व्यवस्था उभारली आहे. ती आभासी यंत्रात संपूर्ण प्रणाली बसविते, बटणे दाबते आणि पडद्याचे चित्र आधी जपून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहते. फेडोराही तिचा उपयोग करते. निर्जीव यंत्राने पहाटे तीन वाजता हे काम करावे ही मोठीच सोय होय. मात्र नमुना ज्या भाषेतला असेल त्याच भाषेतले दोष तिला दिसणार. मराठीचेच उदाहरण घ्यावे. 'आचाऱ्याला' आणि 'आचार्याला' हे दोन शब्द एका रकाराच्या आकाराने वेगळे होतात. अर्धा रकार आडवा आला तर स्वयंपाकी, डोक्यावर रफार म्हणून चढला तर विद्वान. जुळवणी करणारी लायब्ररी किंवा अक्षरसंच यांपैकी एकाने घोटाळा केला की आचाऱ्याचा आचार्य होतो, आज्ञावली मात्र ठणठणीत चालत राहते आणि इंग्रजी नमुन्याशी ताडणारे यंत्र सर्व ठीक असल्याचा अहवाल देते. एके काळी ग्नोम, केडीई आणि कार्यालयीन कामाच्या आज्ञावली या प्रत्येकाची अक्षरजुळवणीची स्वतंत्र यंत्रणा होती, त्यामुळे तोच शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी दिसू शकत असे. आज ग्नोम, केडीई, फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिस ही सारी 'हार्फबझ' या एकाच लायब्ररीकडून हे काम करवून घेतात. एका जागी दुरुस्ती केली की ती सर्वत्र पोचते. तपासण्याच्या जोड्या कमी करण्याचा याहून किफायतशीर मार्ग नाही. काळ्या खिडकीत आज्ञा टंकित करण्याच्या ज्या 'टर्मिनल' आज्ञावली आहेत, त्यांपैकी बहुतेकींत देवनागरीची दैना अजून संपलेली नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे.

मग सर्वच बाबतींत असे एकीकरण का होऊ नये? प्रयत्न झाले नाहीत असे नाही. 'लिनक्स स्टँडर्ड बेस' या नावाने सर्व वितरणांसाठी एक समान पाया ठरविण्याचा उद्योग झाला. त्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि पुढे त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जाही मिळाला. परंतु २०१५ मध्ये डेबियनने त्यातून अंग काढून घेतले. मानक लिहिणे स्वस्त असते, ते पाळले जाते की नाही हे तपासत राहणे महाग असते. आज्ञावली विकणाऱ्या कंपन्या या मानकावर विसंबून माल बाजारात आणत नव्हत्या आणि म्हणून वितरणांनाही ते पाळण्यात लाभ दिसत नव्हता. मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, पुरवठा नाही म्हणून मागणी नाही, हे चक्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाही. डेस्कटॉप संगणकांत लिनक्सचा वाटा अलीकडे चार टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो. चाचणीचा खर्च हा स्थिर खर्च असतो. ग्राहक चार असोत की शंभर, जुळण्या तेवढ्याच तपासाव्या लागतात. लहान बाजारपेठेत तो माणशी फार मोठा होतो.

याची कबुली खुद्द टोरवाल्ड्स यांनी दिली आहे. पाणबुड्यांच्या सुरांची नोंद ठेवणारी 'सबसर्फेस' नावाची आज्ञावली त्यांनीच सुरू केली. २०१४ मध्ये डेबियनच्या परिषदेत बोलताना त्यांनी सांगितले की, विंडोज आणि मॅक यांच्यासाठी तिचे तयार संच आम्ही देतो, लिनक्ससाठी देत नाही, कारण प्रत्येक वितरणासाठी, त्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी ते वेगळे करणे परवडत नाही. ज्याच्या नावावर हा सारा संसार उभा आहे, त्याच्याच आज्ञावलीला त्याच्याच घरात मुक्काम मिळू नये, यातील विसंगती त्याने स्वत:च सभेत मांडली हे बरे झाले.

त्यानंतरच्या दहा वर्षांत जो मार्ग रुळला तो असा: आज्ञावलीने आपल्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या बरोबर घेऊनच फिरावे. ॲपइमेज, स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही त्याची तीन रूपे. बाहेरचे वितरण कोणतेही असो, आतले अन्न घरचेच. यामुळे लेखकाला पुष्कळ कमी जुळण्या तपासाव्या लागतात, यात शंका नाही. पण खर्च नाहीसा झाला असे समजणे भोळेपणाचे होईल. तो स्थानांतरित झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये 'लिबवेबपी' या चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर सुरक्षादोष सापडला. जेथे एकच सामाईक प्रत होती तेथे वितरणाने ती बदलली की काम झाले. ज्या आज्ञावलींनी आपापल्या शिदोरीत तिची प्रत बांधून आणली होती, त्यांतील प्रत्येकीला स्वतंत्रपणे दुरुस्त व्हावे लागले.

शिवाय चूक झाल्यावर बोल कोणाला लावावयाचा, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०२५ मधील 'ओबीएस स्टुडिओ' आणि फेडोरा यांच्यातील वाद या दृष्टीने बोधक आहे. पडद्याचे चित्रण व प्रक्षेपण करणारी ही लोकप्रिय आज्ञावली. तिच्या लेखकांनी आपला अधिकृत फ्लॅटपॅक स्वत: तपासून दिला होता आणि त्यात क्यूटी या लायब्ररीची जुनी आवृत्ती मुद्दाम ठेवली होती, कारण नवीत त्यांना बिघाड आढळले होते. फेडोराने आपल्या धोरणाप्रमाणे तीच आज्ञावली स्वत: नव्याने बांधून आपल्या भांडारात ठेवली. ती नीट चालेना, आणि वापरणाऱ्यांच्या तक्रारी गेल्या त्या मूळ लेखकांकडे. प्रकरण कायदेशीर कारवाईच्या इशाऱ्यापर्यंत पोचले. पुढे काही दिवसांतच सामोपचार होऊन फेडोराने आपली प्रत मागे घेतली. दोन्ही बाजूंचे लोक सचोटीचे होते, दोघांनाही वापरणाऱ्याचे हितच साधावयाचे होते. फेडोराची भूमिका अशी की, जुनी झालेली लायब्ररी चालू ठेवणे धोक्याचे. लेखकांची अशी की, न तपासलेली नवी लायब्ररी घालणे त्याहून वाईट. न्याय करावयाचाच झाला तर तो लेखकांच्या बाजूने करावा लागेल. बदल ज्याने केला, त्यानेच तो तपासला पाहिजे आणि तक्रारीही त्यानेच ऐकल्या पाहिजेत.

भरीस भर म्हणून पडद्याची व्यवस्थाच सध्या बदलते आहे. १९८४ पासूनची 'एक्स' ही पद्धत जाऊन २००८ मध्ये सुरू झालेली 'वेलँड' तिची जागा घेत आहे. २०२५ च्या शरदऋतूत आलेल्या उबुंटू व फेडोराच्या आवृत्त्यांत ग्नोमचे जुने 'एक्स'वरील सत्र उरले नाही. वेलँडमध्ये एक आज्ञावली दुसरीच्या खिडकीत डोकावू शकत नाही, दुसरीच्या वतीने कळा दाबू शकत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच. परंतु स्वयंचलित चाचणी म्हणजे दुसऱ्याच्या खिडकीत डोकावणे आणि त्याच्या वतीने कळा दाबणेच नव्हे काय? 'एक्सडूटूल'सारख्या ज्या साधनांवर वर्षानुवर्षे चाचण्या बेतलेल्या होत्या, ती नव्या खिडक्यांपुढे निरुपयोगी ठरली. अपंगांसाठी असलेल्या वाचनसाहाय्याच्या मार्गाने आत शिरून तपासणी करणारी 'डॉगटेल'सारखी साधने आहेत, पण लेखकाने बटणांना नीट नावे दिली असतील तरच ती उपयोगी. अंधांची सोय न पाहणाऱ्या आज्ञावलीची परीक्षाही नीट घेता येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या समर्थकांचे यावर एक ठरलेले उत्तर असते. पाहणारे डोळे पुष्कळ असले की दोष फार काळ लपत नाहीत, अशा आशयाचा सिद्धांत एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये मांडला होता. डोळे पुष्कळ आहेत हे खरे. पण पाहण्याचे श्रम करण्यास प्रत्येकाला कारण असतेच असे नाही. दोष दिसला तर दहापैकी नऊ जण दुसरी आज्ञावली शोधतात. कोणत्या जुळणीवर, कोणती कळ दाबल्यावर, काय घडले हे नीट लिहून कळविणे हे तासाभराचे काम आहे, आणि त्याचा लाभ कळविणाऱ्यापेक्षा इतरांनाच अधिक होतो. सार्वजनिक दिव्याचे तेल कोणी घालावे, असा हा प्रश्न आहे. व्हॉल्व कंपनीने २०२२ मध्ये स्वत:चे लिनक्सवर चालणारे खेळण्याचे यंत्र बाजारात आणले, तेव्हा तिने तेल घातले, कारण दिवा तिच्या दुकानापुढे होता. जर्मनीच्या 'सॉव्हरिन टेक फंड'ने २०२३ मध्ये ग्नोमला दहा लक्ष युरो दिले, ते सार्वजनिक पैशातून.

केरळने आणखी एक वाट दाखविली आहे. तेथील सरकारी शाळांतून उबुंटूवर आधारलेली एकच ठरावीक प्रणाली वापरली जाते. हजारो शाळा, पण जुळणी एक. जी संस्था दोनशे संगणक लिनक्सवर नेऊ पाहत असेल, तिने हा धडा घ्यावयास हरकत नाही: एक वितरण, एक डेस्कटॉप, आणि आवृत्ती बदलण्यापूर्वी दोन यंत्रांवर आठवडाभर चालवून पाहणे. भारत सरकारने २०१५ मध्येच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केलेले आहे. परवान्यांवरचा जो पैसा त्यामुळे वाचतो, त्यातील काही अंश चाचणीकडे वळला तर ते दान नव्हे, बिल भागविणे होईल. आणि पैसा नसेल तेथेही महाविद्यालयांतील संगणक विभाग आहेतच. वर्षाला शेकडो विद्यार्थी तेथे प्रकल्प म्हणून ग्रंथालयाच्या नोंदवहीची तीच ती आज्ञावली पुन्हा लिहितात. त्याऐवजी एका वर्गाने एखादी वापरातली आज्ञावली घ्यावी, रावांच्या सारणीप्रमाणे चोवीस जुळण्या मांडाव्यात, देवनागरी शब्दांची एक यादी करावी आणि प्रत्येक पडद्यावर ती उमटते कशी हे पाहून दोष रीतसर कळवावेत. त्या यादीत आचारी आणि आचार्य हे दोघेही असावेत.